कोटमामाचे बूट

गुडघा दिसला की कोटमामाच्या कपाळाला आठी पडायची. गुडघा म्हाताऱ्याचा की तरण्याचा, कारकुनाचा की कारखानदाराचा, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. दिवे लागले की पुरुषाचा गुडघा पँटच्या आत असला पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते तो आयुष्यभर लावून धरत आला होता.

नोकरीच तशी होती. पर्यटकांना समुद्रावर फिरवून आणणारं एक मोठं जहाज, त्यावर जेवायच्या पाच-सहा जागा, आणि त्यातली सगळ्यात खास म्हणजे जहाजाच्या मागच्या टोकाचं, तिन्ही बाजूंनी काचा असलेलं रेस्टॉरंट. तिथं टेबल आधी सांगून ठेवावं लागायचं आणि कपड्यांचे नियम पाळावे लागायचे. पुरुषांना कोट, लांब पँट, बंद बूट. बायकांनी शोभेल ते घालावं, पण फाटक्या जीन्स नकोत, पोहायचे कपडे नकोत आणि स्लिपर तर मुळीच नकोत. हे सगळं दाराजवळच्या पितळी पाटीवर कोरलेलं होतं. पण सुट्टीवर आलेला माणूस पाटी कशाला वाचतोय! म्हणून पाटीशेजारी कोटमामा उभा असायचा.

त्याला दरबान म्हटलेलं खपायचं नाही. "दरबान दार उघडतो. मी ठरवतो," असं तो छाती काढून सांगायचा. त्याच्यापुढे एक उंच लाकडी डेस्क आणि मागे एक कपाट. कपाटात कोटच कोट, दोन-चार पँटी आणि बुटांचे मोजके जोड. कुणी नुसत्या शर्टावर आलं की कोटमामा त्याच्या खांद्यांवर नजर टाकायचा आणि मागून कोट असा अलगद चढवायचा, की आपल्याला अडवलं होतं हे त्या माणसाला जेवण संपेपर्यंत कळायचं नाही. या कपाटावरूनच त्याला हे नाव पडलं. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त पगारापुरतं उरलं होतं.

कोटानं भागणार नाही अशांसाठी त्याचं एक वाक्य होतं. बोलून बोलून गुळगुळीत झालेलं. हात पाठीमागे, मान किंचित कलती, आणि मग: "माफ करा, आपण आलात याचा फार आनंद झाला, पण या पोशाखात आत सोडता येणार नाही. वरच्या डेकवर बुफे आहे, तिथं कसलंही बंधन नाही." त्यातला 'बुफे' हा शब्द तो इतक्या हळुवारपणे उच्चारायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याला दवाखान्यात भरती करतायत. एकदा त्यानं हे वाक्य खुद्द कप्तानाच्या मेव्हण्याला ऐकवलं. कप्तानानं बोलावून जाब विचारला, तर हा म्हणतो कसा, "साहेब, मेव्हणे फार सज्जन आहेत. चप्पल वाईट होती."

सुट्टीत घरी आला तरी त्याचे डोळे काही सुट्टी घ्यायचे नाहीत. नवा जावई पहिल्यांदा हाफ पँटमध्ये घरी आला, तेव्हा सासऱ्यानं मोठ्या प्रेमानं आतून आपली पँट आणून त्याच्या हातात ठेवली. बिचारा तेव्हापासून सासरी यायचं म्हटलं की मुलाखतीला निघाल्यासारखा तयार होऊन यायचा. मुलगी वैतागून म्हणायची, "बाबा, हे घर आहे हो! इथं टेबल सांगून ठेवावं लागत नाही." कोटमामा हसायचा, आणि हसता हसता नातवाच्या शर्टाचं वरचं बटण लावायचा.

बायकोला मात्र त्यानं कधी वरपासून खालपर्यंत पाहिलं नव्हतं. तशी हिंमतच नव्हती. मामी एका लहानशा दवाखान्यात परिचारिका होती. दिवसभर उभ्यानं जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, घाबरलेल्या माणसांना 'छान आहे, भरत आलीय' म्हणायचं, आणि मधल्या वेळात मागच्या खोलीत स्टुलावर बसून डबा खायचा. जहाज बंदराला लागलं की कोटमामाचा फोन नेमका त्याच वेळी यायचा. नवराबायको फोनवर काय बोलतात? पोरांचं, पाहुण्यांचं, गुडघेदुखीचं. यांचं तेही व्हायचंच, पण त्याआधी मामी म्हणायची, "आधी मेनू वाचा."

मग कोटमामा मेनू वाचायचा. सूपपासून सुरुवात. भाजलेल्या मश्रूमचं सूप, वर सायीची एक रेघ. धुरावलेला मासा, बाजूला लिंबाची फोड. मंद आचेवर भाजलेलं बदक. शेवटी साखरेच्या जाळीखालचं पुडिंग. घाई नाही, गडबड नाही, प्रत्येक पदार्थाला त्याचा मान देऊन. मामी इकडे डब्यातलं थंडगार जेवण खात ऐकायची. ती म्हणायची, "डब्यात काय आहे त्याला महत्त्व नाही. तोंडी लावायला तुमचा मेनू आहे ना!" इतक्या वर्षांत मेनूतले पदार्थ तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे झाले होते.

"बदक अजून आहे का हो?"

"आहे. पण आता संत्र्याबरोबर नाही, चेरीबरोबर देतात."

"अगं बाई! संत्र्याशी किती छान जमत होतं त्याचं."

असं सगळं. तिनं त्यातलं काही कधी चाखलं नव्हतं. आणि कोटमामाच्या मनात इतकी वर्षं एकच गोष्ट घर करून होती. एकदा, फक्त एकदा, हिला त्या खिडकीजवळच्या टेबलावर बसवायचं आणि आपण समोर बसायचं. नोकरीतल्या शेवटच्या सफरीवर बायकोला बरोबर आणायची मुभा असायची, आणि खास रेस्टॉरंटमध्ये दोघांचं एक जेवण. ती सफर आता आली होती. दुसरी येणार नव्हती.

जेवणाच्या दिवशी सकाळपासून कोटमामाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खिडकीच्या टेबलावरचं कापड त्यानं स्वतः दोनदा झटकलं. बुटांना असं पॉलिश केलं की त्यात तोंड दिसावं. त्याची पावलं अगदी लहान होती. खलाशी चिडवायचे, "मामा, बूट लहान मुलांच्या दुकानातून आणता वाटतं?" त्या दिवशी त्याला त्याचाही राग आला नाही. ठरलं होतं असं, की मामी येईपर्यंत तो दारात उभा राहील, ती आली की रेस्टॉरंटची मॅनेजर दार सांभाळेल आणि हा पाहुणा होऊन आत जाईल.

संध्याकाळी दारात रांग लागली. रांगेत टायरचं दुकान असलेला एक गलेलठ्ठ गृहस्थ होता. आदल्या संध्याकाळी तो फुलाफुलांच्या हाफ पँटमध्ये आला होता आणि ते गुळगुळीत वाक्य ऐकून बुफेकडे रवाना झाला होता. आज तो लांब पँट घालून आला होता. कोटमामानं त्याला कोट चढवला, कपाटातल्या बुटांचा शेवटचा जोडही देऊन टाकला. इतक्यात लिफ्टचं दार उघडलं.

"अहो, आले मी."

कोटमामानं पाहिलं. सवयीनं, वरपासून. केस नीट बांधलेले. निळा रेशमी झगा, मुलीनं हौसेनं शिवून घेतलेला. हातात लहानशी पर्स. नजर आणखी खाली गेली आणि तिथंच खिळली. मामीच्या पायात टर्किश टॉवेलच्या कापडाच्या पांढऱ्या सपाता होत्या.

त्यानंतर जे झालं त्यात कोटमामाचा दोष किती आणि त्याच्या जिभेचा किती, हे ठरवणं अवघड आहे. त्याचे हात आपोआप पाठीमागे गेले. मान कलती झाली. "माफ करा, आपण आलात याचा फार आनंद झाला," जीभ म्हणाली, "पण या पोशाखात आत सोडता येणार नाही." जिभेला लगाम घालायच्या आत बुफेसुद्धा सांगून झाला.

मामीनं आपल्या पायांकडे पाहिलं. "अहो, जहाजानंच दिल्यात की या. बघा, वर जहाजाचं चित्रही आहे."

"त्या खोलीत घालायच्या असतात गं," कोटमामा कसाबसा म्हणाला.

"प्रवासानं पाय सुजलेत माझे. नवी सँडल दुपारी घातली तर दोन्ही टाचांना फोड आले. आता तर ती चढतच नाही."

टायरवाल्याला राहवलं नाही. "अहो, सोडा की ताईंना! पायाकडे कोण बघतंय?"

"मी बघतो ना," कोटमामा म्हणाला. "काल तुम्हाला परत पाठवलं. आज हिला सोडलं, तर काल तुमच्यावर अन्याय केला असं होईल."

"चला, मी माफ केलं."

"तुमचं ठीक आहे हो. आजवर ज्यांना ज्यांना परत पाठवलं ते आपापल्या घरी गेले. त्यांची माफी कुठं मागत फिरू?"

मामी शांतपणे म्हणाली, "बरं. वरच्या डेकवर बुफे आहे ना? तिथं कसलंही बंधन नाही." अगदी त्याच्याच सुरात, तसाच हळुवार 'बुफे'. फोनवर ऐकून ऐकून तिचंही ते वाक्य पाठ झालं होतं. ती चिडली नव्हती. चिडली असती तर परवडलं असतं. ती वळली आणि सपाता फटफटत लिफ्टकडे निघाली. जिला एकदा त्या टेबलावर बसवायचं म्हणून इतकी वर्षं वाट पाहिली, तिलाच त्यानं दारातून परत पाठवलं होतं.

"अगं, थांब!"

दाराबाहेर, वाट पाहणाऱ्यांसाठी, एक मखमली बाक होता. कोटमामा त्यावर बसला आणि सगळ्यांच्या देखत बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

मामीला त्यानं बाकावर बसवलं, खाली बसून सपाता काढल्या आणि आपले चकचकीत काळे बूट तिच्या सुजल्या पायांत घातले. बूट बसले. जन्मभर ज्या पावलांची चेष्टा झाली, ती त्या दिवशी कामाला आली. नाड्या त्यानं सैल बांधल्या, फोड दुखू नयेत म्हणून.

"आणि तुम्ही?" मामीनं विचारलं.

"मी येतो ना मागून."

तो येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. मॅनेजरनं त्याला बाजूला घेऊन समजावलं, "मामा, जा ना तुम्ही आत. टेबलाखाली कुणाला काय दिसणार आहे?"

"मला माहीत असणार ना," कोटमामा म्हणाला. खाली त्याच्या खोलीत दुसरे बूट होते, पण ते आगीच्या कवायतीचे, रबरी तळाचे. त्या बुटांवर त्यानं जगात कुणालाही आत सोडलं नसतं. तेव्हा मॅनेजरला तिच्या कामाला धाडून तो पुन्हा डेस्कमागे उभा राहिला. वरून कोट, टाय, सगळं झकास. खाली मोजे. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. रांगेतल्या एकेकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचं काम मात्र त्यानं त्याच गंभीरपणे पुढे चालू ठेवलं. माणूस सुधारायचाच नाही म्हटल्यावर काय करणार?

दाराच्या काचेतून त्याला खिडकीजवळचं टेबल दिसत होतं. वेटरनं मामीपुढे मेनू ठेवला, तिनं तो उघडलाही नाही. काही सांगताना ती हसली, वेटरही हसला. सूप आलं. मासा आला. बदक आलं. ती हळूहळू जेवत होती आणि मधेच समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. कोटमामाला त्या खुर्चीचं फार वाईट वाटलं. नियम कुणी केले, कशासाठी केले, असले प्रश्न त्याला आयुष्यात पहिल्यांदा पडले, आणि पडल्या पडल्या एक जोडपं आलं म्हणून त्यानं ते बाजूला ठेवले.

रांग ओसरली. कोटमामानं पुन्हा काचेतून पाहिलं तर टेबल रिकामं! इतक्यात दार ढकलून मामी बाहेर आली. एका हातात पुडिंगची बशी, त्यात दोन चमचे, आणि काखेत मेनूचं जाडजूड कार्ड.

"अगं, बशी बाहेर आणता येत नाही!"

"असं कुठं लिहिलंय? पाटीवर तर नाही. वाचून आलेय मी."

कोटमामानं मनातल्या मनात सगळे नियम उलटेपालटे करून पाहिले. कपड्यांबद्दल सगळं होतं, बशीबद्दल काहीच नव्हतं. तो मुकाट्यानं बाकावर तिच्या शेजारी बसला. तिनं चमच्यानं साखरेची जाळी फोडली आणि पहिला घास त्याला दिला.

"कसं होतं जेवण?" त्यानं धीर करून विचारलं.

"छान होतं."

हे 'छान' त्याच्या ओळखीचं होतं. दवाखान्यात ती हेच म्हणायची, जखम कशीही असली तरी. "खरं सांग."

"खरं सांगू?" मामी म्हणाली. "तुम्ही फोनवर वाचायचात ना, तेव्हा जास्त चवदार लागायचं."

कोटमामाला आधी रागच आला, रेस्टॉरंटच्या वतीनं. बदकाला नावं ठेवणारी ही पहिलीच बाई! तो काही बोलणार, तेवढ्यात मामीनं काखेतलं कार्ड काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. "वाचा."

"आता? अगं, सगळं तर जेवून आलीस."

"जेवले हो," मामी म्हणाली, "पण तोंडी लावायला काही नव्हतं."

कोटमामानं मोज्यातला अंगठा बाकाखाली ओढून घेतला, घसा साफ केला आणि सूपपासून सुरुवात केली.