तळ्याच्या बांधावरची अळंबी

हरणाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मला चुकवत होती. माझा स्वभाव तापट. कोणी मला चुकवून गेलं की ते दिवसभर डोक्यात राहतं. रहिमतपूरच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी धनगरांची अकरा घरांची वस्ती आहे. वस्तीच्या वरच्या अंगाला पाझर तलाव, त्याला सात-आठ वर्षांपूर्वी घातलेला मातीचा बांध, आणि त्या बांधाच्या देखभालीचा इंजिनिअर मी. श्रावणातल्या एका सकाळी बांधावर चढलो, तर ही पासष्टीची बाई पदराखाली काहीतरी धरून गवतातून निघाली आणि मला बघून तिने वाटच बदलली. सरपण चोरतेय, असं मी ठरवून टाकलं. बांधावर सरपण कुठून येणार, हे मला घरी गेल्यावर सुचलं.

पदराखाली अळंबी होती. हे मला वस्तीवरच्या बायकांनी सांगितलं, तेही जरा जळूनच. हरणाबाईच्या सासूने जाण्याआधी तिला अळंबीच्या तीन जागा सांगितल्या होत्या आणि चौथी तिने स्वतः हेरली होती. कुठली जागा कुठे, हे वस्तीत कोणाला माहीत नव्हतं. जागा तोंडाने बोलून दाखवली की अळंबी बसतात, म्हणजे उगवायची थांबतात, अशी त्यांच्याकडे समजूत. त्यामुळे ज्या बाईला जागा माहीत ती मिठाची गुळणी धरून बसते. हरणाबाई तर पाण्याला निघाल्यासारखी घागर घेऊन उलट्या दिशेला जायची आणि ओढ्यातून वळसा घालून परत यायची. तिची सून अंकिता पाच वर्षं त्याच चुलीवर स्वयंपाक करत होती, पण तिलाही तिने पत्ता लागू दिला नव्हता. शेजारणींना मिळायचा तो फक्त रश्शाचा वास.

तिची काढायची रीतही ठरलेली. विळा लावायचा नाही. बोटांनी माती सैल करायची, अळंबं हळूच पिळून वर घ्यायचं, बारकी तशीच ठेवायची आणि मग जागेवर माती ओढून, गवत अंथरून असं सारखं करायचं की तिथे कोणी वाकलं होतं हे दिसता कामा नये. या शेवटच्या कामात ती फार हुशार होती. माझ्या बांधाचं नुकसान झालं ते त्या हुशारीमुळेच, पण ते मला पुढच्या ऑगस्टमध्ये कळलं.

त्या ऑगस्टमध्ये सलग नऊ दिवस पाऊस लागून राहिला आणि तळं काठोकाठ भरत आलं. दहाव्या दिवशी बांधाच्या बाहेरच्या अंगाला, पार खाली, पाणी झिरपताना दिसलं. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपणारच, त्याची आम्हाला भीती नसते. ते पाणी नितळ असलं पाहिजे. हे गढूळ होतं, म्हणजे बांध आतून स्वतःचीच माती बाहेर टाकत होता. मी आधी खेकड्यांना दोष देऊन मोकळा झालो. दोन दिवस माणसं लावून बिळं शोधली, बुजवली. पाणी गढूळच राहिलं.

मग बिरोबाच्या देवळात वस्ती गोळा केली आणि सरळ सांगितलं की बांधात कुठेतरी पोकळी आहे. तळ्याचं पाणी सोडायला सुरुवात केली होती, पण वरून येणारं पाणी थांबत नव्हतं. पोकळी सापडली नाही आणि पाणी आणखी हातभर चढलं, तर बांध फुटेल, आणि बांधाखाली पहिलं काय आहे तर ही अकरा घरं. माणसं शाळेत हलवू, असं मी म्हणालो. हरणाबाईचा मुलगा बिरदेव म्हणाला, माणसं जातील, पण सहाशे मेंढरं आणि चार-चार दिवसांची कोकरं कुठे न्यायची? कोणाला बांधावर वारूळ दिसलं का, हेही मी विचारलं. सगळ्यांनी माना हलवल्या. खरंच नव्हतं. हरणाबाई खांबाला टेकून मागे बसली होती.

सकाळी सहाला मी बांधावर पोचलो तर ती अंकिताला घेऊन माझ्या आधी तिथे उभी होती. मला वाटलं, सामान हलवायला गाडी मागायला आली असेल.

"साहेब, वारूळ तुमास्नी दिसायचं न्हाई," ती म्हणाली. "घर खालीच हाय."

कशावरून, असं मी जरा वैतागूनच विचारलं.

"हितं अळंबी येत्यात. ती येत्यात तितं खाली वाळवीचं घर असतंयच. तीन वरसं झाली, मीच झाकत आले."

तिने वाकून गवत बाजूला केलं. खाली ओळीने अळंब्यांचे आठ-दहा तुटके देठ होते. पाण्याच्या बाजूला, बांधाच्या माथ्यापासून जेमतेम चार हातांवर. मी माथ्यावर चढून पलीकडे बघितलं तर खालची गढूळ पाण्याची जागा बरोबर त्याच रेषेत होती. या जागेवरून मी किमान वीस वेळा चालत गेलो असेन.

दोन दिवस आम्ही पोती लावून बांध धरून ठेवला. नशिबाने पाऊस उघडला, पाणी त्या जागेच्या बरंच खाली गेलं आणि खणायला घेतलं. कुठे खणायचं तेही तिनेच सांगितलं. अळंब्याचं मूळ दोरीसारखं सरळ खाली जातं, ते तोडू नका, तेच घरापर्यंत नेईल, असं ती म्हणाली. कंबरभर खाली गेल्यावर कुदळ एकदम आत गेली. आत एवढी पोकळी की मेंढीचं कोकरू आरामात बसलं असतं, आणि तिच्याभोवती लहान पोकळ्या, एकीतून दुसरीत बोळ. पोकळ्यांमध्ये स्पंजासारखी तपकिरी पोळी होती आणि त्यांवर पांढरे बारीक दाणे. वाळवी गवत-काड्या चावून ही पोळी रचते, त्यावर बुरशीचं पीक घेते आणि त्यावर अख्खं घर जगतं. अळंबी म्हणजे त्याच पिकाला फुटलेला वरचा कोंब. हे मी पुढे पुस्तकात वाचलं, पण खड्ड्याच्या काठावर बसून हरणाबाईने तेच सांगितलं होतं. पावसात पंखवाली जोडपी उडतात, खाली उतरून पंख टाकतात आणि मऊ माती बघून संसार मांडतात, हेही तिला ठाऊक होतं. नव्या बांधासारखी मऊ माती त्यांना आणखी कुठे मिळणार?

सगळ्यात आतल्या मातीच्या डबीत राणी निघाली, बोटाएवढी जाड, जागची हलू न शकणारी. माणसं नागपंचमीला वारूळ पुजणारी, कोणी तिला हात लावेना. हरणाबाईने डबी तशीच घमेल्यात घेतली आणि लांबच्या कुंपणाशी नेऊन पुरली. ती जगणार नाही, हे तिलाही कळत होतं.

परत येऊन ती खड्ड्याशी बसली आणि रडायला लागली. अकरा घरं बुडवली असती मी, एवढंच म्हणत राहिली. मला माणसांना धीर देता येत नाही. तरी मी म्हणालो, मावशी, वाचवलीत तुम्ही. खरंच सांगतो, इतकी वर्षं नोकरीत अनेकांचे आभार मानले, बहुतेक रीत म्हणून. त्या दिवशी तिच्यासमोर हात जोडले ते रीत म्हणून नव्हे.

खड्डा काळी माती आणि मुरूम थराथराने घालून धुमुसाने ठोकून भरला. वस्तीच्या बायकाच माती वाहत होत्या. संध्याकाळी काम संपलं तेव्हा हरणाबाईने त्यांना थांबवलं आणि उरलेल्या तीन जागा सांगायला लागली. ओढ्याच्या वरची, पडक्या विहिरीच्या मागची…

"आत्या, नगा सांगू," अंकिता मध्येच म्हणाली. "बसत्याल ती."

"बसू द्यात. जागा एकीच्या पोटात ऱ्हायली की वस्ती व्हावून जाती," हरणाबाई म्हणाली, आणि तिसरी जागाही सांगून टाकली.

आता माझ्याकडच्या कुठल्याही बांधावर गेलो की मी आधी तिथल्या बायकांना विचारतो, अळंबी कुठे येतात. आणखी दोन बांधांवर अशी घरं वेळेत सापडली. त्याचं श्रेय मला मिळालं आणि मी ते घेतलं, याची थोडी लाज वाटते.

पुढच्या श्रावणात वस्तीवर गेलो. बांध कोरडा ठणठणीत होता. हरणाबाईने मला जेवायला बसवून घेतलं. चुलीजवळ वाट्या, पातेली, झाकलेली ताटं मांडून ठेवलेली, पाय ठेवायला जागा नाही. बायकांनी मिळून हुडकायला सुरुवात केल्यावर तिघींना नव्या जागा गावल्या होत्या, आणि सकाळपासून दहाही घरांतून तिच्याकडे अळंबी शिजवून येत होती. ती वैतागली होती, एवढं खायचं कोणी म्हणून. माझ्या ताटात तिसऱ्यांदा वाढताना मात्र तिचा हात थांबला.

"जलमभर लपवून एवढी कवा गावली न्हाईत, साहेब," ती म्हणाली.