दामूशेठच्या गाडीची शिवळ

आमचे बन्सीभावजी म्हणजे माझे धाकटे दीर. अणुभट्टीच्या कामाला म्हणून नगरकडून आम्ही बोईसरला आलो. तिथं सिमेंटच्या धुळीनं भावजींना शिंका लागल्या, मग दामूशेठ वाडीवाल्यांच्या शब्दावर पंचायतीत चिकटले. काम काय? तर बाजारच्या दिवशी बैलगाड्या नीट रांगेत लावून घ्यायच्या! डोक्यावर खाकी टोपी, गळ्यात शिट्टी. नवापूरच्या मासळीवाल्या त्यांना बघून तोंडाला पदर लावायच्या.

पण माणूस भारी खट. गाडी रस्त्यात आडवी दिसली की जुवाची शिवळ काढून घेणार. शिवळ म्हणजे बैलाची मान जुवात धरून ठेवणारी लाकडी खुंटी. ती नसली तर गाडी जुंपणार कशी? सोडवायचा दंडही यांच्याच डोक्यातून निघालेला. बैलांनी टाकलेलं शेण गाडी हाकणाऱ्यानं स्वतःच्या हातानं पाटीत भरायचं आणि उकिरड्यावर नेऊन टाकायचं. कुणी रुपया पुढं केला तरी नाही म्हणजे नाही.

असल्या शेणवाल्याला पोरगी कोण देणार? तिशी उलटली. मी दहाजणांचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठं मनोरला खडी वाहणारे भगवंतराव, आमच्याच मुलखातले, घर बघायला यायला तयार झाले. भावजींना बजावलं, "आज एक दिवस तरी गोड वागा हो!"

मी पोहे भिजवतेय, तोच शेजारचा गाडीवान सुका धावत आला. "वैनी, बन्सीनं तुमच्या पावन्याचीच शिवळ काढली!"

तशीच ओल्या हातांनी धावले. दवाखान्याच्या वाटेवर गाडी आडवी, आणि भगवंतराव लालबुंद. "हाच का तो नवरदेव?" भावजींचं तोंड उतरलेलं, पण शिवळ मुठीत घट्ट. मी डोळ्यांनी खुणावतेय, द्या, द्या! तर हे म्हणतात, "मामा, नियम सगळ्यांना सारखा." झालं! जमत आलेलं लग्न या बाबानं शेणात घातलं. असा संताप आला म्हणून सांगू!

तेवढ्यात गाडीच्या धुरेवरून एक पोरगी खाली उतरली. भगवंतरावांचा हात दुखावला होता, म्हणून त्यांची लेक कमळीच गाडी हाकत आली होती. तिनं बांगड्या मागं सारल्या, पदर खोचला, शेण भरलं आणि टाकून आली. हात धुतले. मग समोरच्या चिंचेखाली उभ्या गाडीकडं बोट केलं. "आणि ती गाडी? ती तर भर रस्त्यात आहे."

सुका हळूच म्हणाला, "ती नाय काढत तो. दामूशेटची हाय."

कमळी भावजींकडं नुसती बघत राहिली. शिवळ काढावी तर नोकरी जाणार, न काढावी तर ही जाणार! भावजींनी टोपी सारखी केली, चिंचेखाली गेले आणि दामूशेठच्या जुवाची शिवळ उपसली.

शेठ आले. नेमके त्या दिवशी स्वतःच गाडी हाकत आलेले. टोपल्या सोडून अख्खा बाजार गोळा झालेला. शेठनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि मुकाट्यानं धोतर खोचून पाटी उचलली. जाताना म्हणाले, "बन्सी, तुला बघून घेईन."

भगवंतरावांनी पोहे खाऊन सुपारी फोडली खरी, पण माझा जीव टांगणीला. आज नोकरी जाते की उद्या!

लग्नाच्या दिवशी दामूशेठची गाडी मांडवासमोर येऊन थडकली. उपरण्याची आणि शालूची गाठ नुकतीच बांधली होती. शेठ गाडीतूनच ओरडले, "बन्सी, गाडी कुठं लावू ते सांग बाबा! नाहीतर लग्नातही शेण उचलायला लावशील!"

मांडव हसून लोटपोट. माझ्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं. आणि आमचे भावजी? मुंडावळ्या सावरत खरंच उठले की! गाठीला बांधलेली कमळी मागोमाग ओढली गेली.

"अहो, नवरदेव ना तुम्ही? बसा खाली!" मी ओरडले.

ऐकतंय कोण? दोघं गाडीपाशी पोचली. नवऱ्याच्या हारात शिट्टी लटकत होतीच. ती ओढून फुर्रकन वाजवली कमळीनं.