आवाज बसला तो वर्षावास

आषाढाच्या सुरुवातीला माझा आवाज गेला. आधी घोगरा झाला, मग फाटला आणि एके दिवशी सातवीच्या वर्गात कविता म्हणताना तोंडातून नुसती हवा आली. परभणीच्या डॉक्टरांनी घसा तपासून सांगितलं, की स्वरतंतूंवर गाठी आल्यात. महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. तरीही गाठी विरल्या नाहीत तर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज पूर्वीसारखा येईलच याची खात्री नाही. जिंतूरच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. बावीस वर्षं मराठी शिकवलं ते या आवाजाच्या जोरावर. तोच नसेल तर मी कोण, हेच मला कळेना.

मी मुळातच बडबडी. घरात पाटी-पेन्सिल आली तेव्हा आमचे मिस्टर म्हणाले, लग्नानंतर पहिल्यांदाच माझं वाक्य पूर्ण होतंय. मी पाटीवर त्याचं उत्तर लिहीपर्यंत ते बाहेर पडलेले असायचे. शाळेतून रजा घेतली होती, दिवस जाता जात नव्हता.

आमच्या वस्तीच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. अकरा वर्षं ते माझ्याकडे होतं; कधीमधी दुसरं कोणी वाचायला बसलं, तरी शेजारी चुका काढायला मी असायचेच. यंदा मी मागे भिंतीला टेकून बसले. वंदना झाली, पंचशील झालं, माझे फक्त ओठ हलले. मग विहाराचं काम पाहणाऱ्या तात्यांनी विचारलं, कोण वाचतं? समोर पंचवीस-तीस माणसं, त्यात दोन पदवीधर आणि तहसीलमधला एक कारकून. कोणीच उठेना. खोटं कशाला सांगू, मला आतून बरं वाटलं. माझ्यावाचून अडलं होतं.

तेवढ्यात दाराजवळून एक बाई उठल्या. पन्नाशीच्या, हाताला कोयत्याचे घट्टे. मी त्यांना ओळखत नव्हते. नंतर कळलं, त्या कौसाबाई. खालच्या आळीत बहिणीकडे राहायच्या आणि दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जायच्या. लेकीच्या शाळेच्या पुस्तकांवरून उसाच्या फडावरच वाचायला शिकलेल्या.

"मी वाचू का?" त्या म्हणाल्या. "पर लय हळू वाचते. अडकले तर जरा दम धरा."

त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि सुरुवात केली. तिसऱ्याच ओळीत अडकल्या. पुढचा शब्द माझ्या जिभेवर आला. आयुष्यभर मी हेच करत आले होते, मूल अडखळलं की शब्द पुरवायचा आणि पुढे चला म्हणायचं. पण घशातून काही निघेना. कोणीच काही बोललं नाही. बोट मागे गेलं, पुन्हा पुढे आलं, आणि कौसाबाईंनी तो शब्द स्वतः उच्चारला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उजळलं ते मी बावीस वर्षांत माझ्या वर्गात फार थोड्या वेळा पाहिलं होतं, कारण तेवढा वेळ मी कोणाला दिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून एकेक जण पुढे येऊ लागला. महिना भरेपर्यंत आठ जण आळीपाळीनं वाचत होते. मला राहवेना. एका संध्याकाळी मी पाटीवर लिहून कौसाबाईंना विचारलं, याआधी का नाही आलात?

त्यांनी सावकाश वाचलं आणि खाली बघत म्हणाल्या, "आले व्हते की, म्याडम. मागल्या साली दारापातूर आले. एक बाई वाचायली व्हती, तुमी तिला तीनदा टोकलं. मी तशीच माघारी गेले."

मी पाटी पुसली. त्या दिवशी घरी येऊन मी बुद्धमूर्तीसमोर बराच वेळ बसले. मला माझी लाज वाटली, आणि त्या लाजेखाली कितीतरी दिवसांनी मन हलकंही वाटलं.

आम्ही चमत्कार मानणारी माणसं नाही. गाठी औषधानं आणि मौनानं विरल्या, ऑपरेशन टळलं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते खरंच आहे. पण ज्या वर्षी मला गप्प बसणं भाग होतं, त्याच वर्षी त्या बाई पुन्हा दारात याव्यात, याला काय म्हणावं ते मला अजून सापडलेलं नाही. हळू आवाजात शिकवायच्या अटीवर मी शाळेत परतले. आता मूल अडखळलं की मी टेबलाखाली हात घट्ट धरून बसते. सोपं नाही ते.

आश्विनी पौर्णिमेला शेवटची पानं उरली. तात्यांनी आपुलकीनं ग्रंथ माझ्यापुढे ठेवला. मी तो कौसाबाईंकडे सरकवला. शेवटून दुसऱ्या ओळीत त्या अडकल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी माझ्याकडे आवाज होता. मी 'वाचा' अशी मान हलवली आणि थांबले. सगळं विहार थांबलं. त्यांनी शब्द जुळवला, ओळ पुरी केली, शेवटचीही वाचली, ग्रंथ मिटून कपाळाला लावला.

डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायला मनाई केली होती. तरी वाचन संपलं की म्हणतात तसं सगळ्यांबरोबर, तीन महिन्यांत पहिल्यांदाच, मी मोकळ्या गळ्यानं म्हटलं, "साधु, साधु, साधु."