लाडक्यादादाचा बेडूक

लाडक्यादादाचा फोन आला आणि जायचं ठरलं. "मास्तर, मी बांधलेला तो पिसांचा बेडूक घेऊन ये. त्याच्यावर मरळ उठताना मला बघायची हाय. फुडचा पावसाळा कोनी बघलाय?"

मी मास्तर नाही. ते त्याचं टोमण्याचं नाव. दादा मनोरजवळच्या एका पाड्यावर राहतो, नदीचा डोह न् डोह त्याला पाठ. गेल्या वर्षी त्याचा उजवा हात लुळा पडला.

शनिवारी पहाटे नाशिक सोडलं. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड. घाटात खड्डे आहेत, पाच तास धरा. मुक्काम केळव्याला केला. सुपारीच्या वाडीतली खोली, दीड हजार; बोंबलाचं ताट वेगळं, अडीचशे. माझी गळांची डबी बघून खोलीवाल्या काकू म्हणाल्या, "कोंबडीच्या पिसाला मासा लागतो? मंग आमी होड्या कशाला ठेवल्या?"

लागतो. फ्लाय म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेलं खोटं भक्ष्य. हे मी कोणाकडून शिकलो नाही, बोटं टोचून घेत शिकलो. निवडताना आधी तिथला मासा काय खातो ते बघा. गढूळ पाण्यात काळी फ्लाय, नितळात फिकी. मरळ ही डोहातली शिकारी मासळी, पाण्यावरचा बेडूक उचलते, म्हणून तिच्यासाठी तरंगता बेडूक. गळाच्या टोकापुढे ताठ तारेचा आडोसा हवाच, नाहीतर प्रत्येक फेक शेवाळात.

रविवारी उजाडता उजाडता पाड्यावर पोचलो. वहिनींनी आणि मी दादाला खुर्चीसकट डोहाकाठी नेलं.

"वजन वाढलंय तुझं, दादा."

"हात मेलाय ना, तो जड हाय," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

मी बेडूक टाकला. दादाने दाखवलेल्या दगडाच्या अलीकडे, बरोबर वीतभर. दोन झटके, थांबा, एक झटका. चाळीसेक फेका झाल्या. एकदा पाणी फुगलं, मरळ वर आली, बेडकाच्या मागे हातभर चालली आणि वळून खाली गेली.

"सरळ चाललाय," दादा म्हणाला. "आन इकडं."

त्याने डाव्या हाताच्या अंगठ्याने बेडूक चाचपला. पोट, मग एक पाय, मग दुसरा. दुसऱ्यावर अंगठा थांबला.

"ह्यो पाय कोनी कापला?"

मीच. दोन वर्षांपूर्वी त्याने माझं बघून घरच्या कोंबडीची पिसं गोणीच्या दोऱ्याने बांधली आणि बेडूक मला दिला. एक पाय बोटभर लांब, गाठी सैल. नाशिकला आल्यावर मी तो उसवला, रेशमी दोऱ्याने पुन्हा बांधला, मोजपट्टी लावून दोन्ही पाय सारखे केले. त्याच्यावर उपकार करतोय असंच वाटलं होतं.

"पाय असमान होते, म्हणून..." मी म्हणालो.

"त्याला मुद्दाम लंगडा केलेला मी. लंगडा बेडूक वाकडा पोहतो. मरळ त्यालाच धरते."

दुसरा बांधून दे, हे शब्द ओठांवर आले आणि त्याच्या मांडीवरच्या हाताकडे बघून गिळले. मला वाटलं, आता टोमणा येईल. आला असता तर बरं झालं असतं. त्याने बेडूक माझ्या तळहातावर ठेवला, माझी मूठ मिटली. "चा पिऊ, चल. ऊन आलं."

निघताना वहिनींनी कोंबडीची पिसं कागदात बांधून दिली. परतीचा रस्ता तोच, मनोरला पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप कमी.

घरी येऊन तीन आठवडे झाले. अकरा बेडूक बांधले. मोजून पाय असमान ठेवले, गाठी सैल सोडल्या. बादलीत सोडले की ते एका जागी गिरकी घेतात, नाहीतर सरळ चालतात. लंगडत एकही नाही.

काल फोन केला. वहिनींनी तो दादाच्या कानाला लावला.

"बांधलास?" त्याने विचारलं.

"बांधला."

"कसा चालतो?"

खोटं बोलता आलं असतं. "सरळ," मी म्हणालो.

तो म्हणाला, "मंग अजून एक बांध. मी हाय अजून."