दादाला सगळं कळतंय

शामू गेल्याचं त्याच्या मुलीनं, मंगलनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी मिरजेच्या आमच्या दुकानात एका तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवरच्या तारेचा झंकार, जुळवत बसलो होतो. "रशीदकाका, आप्पा सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली. फोन ठेवून मी पुन्हा कामाला बसलो आणि तो तंबोरा सुरात लागल्यावरच उठलो. त्याला आता महिना उलटला. साताऱ्यात शामूच्या हाताखाली मानसशास्त्र शिकलेली पुष्कळ माणसं त्याच्याबद्दल बोलली, त्यांनी लिहिलंही. पण त्या सगळ्यांना ठाऊक असलेले प्राध्यापक शामराव मला भेटले ते फार पुढे. माझी ओळख सांगलीच्या कॉलेजातल्या शामूशी. शिराळ्याकडच्या खेड्यातून आलेला, धोतर आणि करकरीत वहाणा घालून वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, इंग्रजी पुस्तकाचं पान ओठ हलवत वाचणारा.

लढाई नुकतीच संपली होती. मी मिरजेहून सायकलीनं कॉलेजला यायचो, तो वसतिगृहात राहायचा. आम्हाला मानसशास्त्र शिकवायला बापट सर होते. मन हे मेंदूपासून वेगळं काढून शिकवता येत नाही, असं त्यांचं ठाम मत. म्हणून पहिल्या सत्रात त्यांनी आम्हाला मज्जातंतू, मेंदूचे भाग, सवय कशी लागते, हेच शिकवायला घेतलं. फळ्यावर चित्रं काढून कंटाळले, तेव्हा एके दिवशी म्हणाले, "खरा मेंदू पाहिल्याशिवाय तुमच्या डोक्यात काही शिरायचं नाही. मेंढराचा चालेल. कोण आणील?" वर्गातली बहुतेक मुलं बामणाघरची. सगळे वहीकडे बघायला लागले. मी हात वर केला. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या खाटकाकडून मेंदू घेतला, पितळी डब्यात मिठाच्या पाण्यात ठेवला आणि सायकलीला टांगून आणला. सरांनी आयुष्यात मटणाला हात लावला नव्हता, पण त्या दिवशी बाह्या सारून त्यांनी तो मेंदू ताटात ठेवला आणि अशा कौतुकानं दाखवला की नाकाला रुमाल लावलेली मुलंही पुढे सरकली.

तेव्हाच सर बोलता बोलता म्हणाले, "माणसाच्या मेंदूत डाव्या बाजूला, पुढच्या भागात, बोलण्याची जागा असते. तिथं इजा झाली तर माणसाची वाचा जाते. पण पुष्कळदा समज शाबूत असते. दुसऱ्यांचं बोलणं कळतं, स्वतःला शब्द सापडत नाहीत. आणि डावा मेंदू उजवा हात चालवतो, म्हणून बऱ्याचदा उजवा हातही लुळा पडतो."

मागच्या बाकावरून शामू उठून उभा राहिला. तोवर त्यानं वर्गात एकही प्रश्न विचारला नव्हता. "सर," तो म्हणाला, "त्या मानसाला आपण येडा म्हणलेलं कळतं का?"

सरांनी मेंदूचं ताट बाजूला सारलं. "कळत असणार," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर त्यानं मला सगळं सांगितलं. त्याचा थोरला भाऊ, दौलतदादा, पलटणीत हवालदार होता. इटलीत डोक्याला गोळीचा तुकडा लागला. जखम भरली आणि दादा घरी आला, पण त्याला एकच शब्द यायचा… "तसं." भूक लागली तरी तसं, कुणी भेटायला आलं तरी तसं. समोरच्याला कळेना की तो चिडायचा, डाव्या हातानं भांडी फेकायचा आणि मग पलटणीतल्या शिव्या मात्र स्वच्छ द्यायचा. शिव्या येतात आणि बोलता येत नाही, म्हणजे डोकं फिरलंय, असं गावानं ठरवलं. म्हसवडला सिद्धनाथाच्या पायावर घालून आणलं. गुण आला नाही. आता सुगी झाली की त्याला पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं आणि त्याच्या बायकोला, हौसावहिनीला, माहेरी धाडायचं, असं तात्यांनी, म्हणजे शामूच्या चुलत्यांनी, ठरवलं होतं. वडील नसल्यामुळं घरात तात्यांचा शब्द शेवटचा.

"जखम कुठं हाय ठावं हाय का?" शामूनं आपल्या डाव्या कानशिलावर बोट ठेवलं. "हितं. आनि उजवा हात लुळा. रशीद, गड्या, त्यो येडा न्हाई रं…"

पुढचे कितीतरी दिवस तो सरांच्या मागे लागून राहिला. सरांच्या घरी बसून एकेक इंग्रजी वाक्य समजून घ्यायचा. सरांनी त्याला स्पष्ट सांगितलं की आपण असा रोगी डोळ्यांनी पाहिलेला नाही, जे आहे ते पुस्तकातलं. त्यातच एका पानावर असं होतं की वाचा गेलेली काही माणसं गाणं मात्र शब्दांसकट म्हणतात. हे वाचून शामू मिरजेला आमच्या दुकानी आला आणि माझ्या अब्बांना म्हणाला, "चाचा, मला एक तंबोरा पायजे. आनि वाजवाया ह्यो रशीद." अब्बांनी कारण ऐकलं आणि दुकानातला सगळ्यात चांगला तंबोरा उतरवून दिला.

आम्ही तंबोरा घेऊन त्याच्या गावी गेलो तेव्हा घराच्या सोप्यात तात्या, गावातले दोघे वडीलधारे आणि दाराआड बायका, अशी बैठकच बसली होती. दादा भिंतीला टेकून बसला होता. चांगला उंच, देखणा माणूस, पण नजर जमिनीवर. शामू तात्यांच्या समोर बसला.

"तात्या, दादाला सगळं कळतंय. फकस्त त्याला बोलता येत न्हाई."

"पुस्तकं वाचून आलास व्हय?" तात्या म्हणाले. "आमी रोज बगतोय त्याला."

"मग तुमीच तपासा. त्याच्याम्होरं एकादी गोष्ट खोटी सांगा. आवं, येड्याला खरं-खोटं कसं कळंल?"

तात्यांनी जरा विचार केला आणि खाकरून म्हणाले, "दौलत, मळ्यातली हीर खांदली तवा मी तितं न्हवतोच. मी कराडला गेल्तो."

दादानं मान वर केली. मग जोरात हलवली, नाही, नाही. "तसं, तसं," म्हणत तो अंगणात आला, डाव्या हातानं काटकी उचलली आणि मातीत एक मोठा गोल काढला. गोलात उभा माणूस काढला, त्याच्या डोक्यावर पटका काढला. मग तात्यांकडे बोट दाखवून तो माणूस गोलात पालथा पडला असं हातानं करून दाखवलं. विहीर खणताना तात्या पाय घसरून चिखलात पडले होते आणि दादानंच त्यांना पाठीवर घेऊन वर आणलं होतं. हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. दाराआडून कुणीतरी हसलं. दादाही हसला… घरी आल्यापासून पहिल्यांदा, असं वहिनी नंतर म्हणाल्या. तात्या सोप्यातून उतरून त्या चित्रापाशी आले. मग खाली बसले, दादाचा लुळा हात हातात घेतला आणि म्हणाले, "लेकरा, तुला सारं कळत हुतं, आनि आमी तुज्याम्होरंच तुला धाडायची बोलनी करीत हुतो." पुण्याचा विषय तिथंच संपला.

मी तंबोरा लावला. गावच्या भजनात दादा पूर्वी पुढे बसायचा. शामूनं गावच्या देवाचं नेहमीचं भजन धरलं आणि दुसऱ्या ओळीला दादाचा आवाज त्यात मिसळला. आधी नुसता सूर आला, मग शब्द. सगळे शब्द, एकही न गाळता. शामूनं हळूच आपला आवाज बंद केला. अंगणात एकटा दादा गात होता आणि गाता गाता स्वतःच चकित होऊन आमच्याकडे बघत होता. हौसावहिनी दाराआडून बाहेर आल्या. इतक्या पुरुषांसमोर त्या कधी आल्या नव्हत्या. कुणी त्यांना आत जा म्हटलं नाही.

तिथून खरं काम सुरू झालं. शामू दर सुट्टीला गावी जायचा आणि दादाला रोजचे शब्द चालीवर म्हणायला लावायचा. पाणी, भाकरी, बैल, ऊन. तो गावी नसला की वहिनी शिकवायच्या. चाल हळूहळू कमी करायची, शब्द ठेवायचा, अशी त्यानं स्वतःच शोधलेली रीत. महिनोन् महिने गेले. काही शब्द आले, काही कधीच आले नाहीत. पण पुढच्या नागपंचमीला आम्ही सगळे शिराळ्याला गेलो होतो. ढोल, पालख्या, माणसांचा पूर. त्या गर्दीत वहिनी मागे राहिल्या. दादा वळला, टाचा उंचावून इकडंतिकडं पाहिलं आणि एकदम हाक मारली, "हौसाऽऽ."

चाल नव्हती, सूर नव्हता. नुसती हाक, चारचौघांत, बायकोला तिच्या नावानं. त्या काळी असं कुणी करत नसे. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. शिराळ्याच्या भर बाजारात वहिनींनी मान खाली घातली नाही. त्यांनी तिथूनच उत्तर दिलं, "आलेऽऽ, आले." शामूनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. "ऐकलंस? ऐकलंस गड्या?" तो म्हणत राहिला. बापट सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "शामराव, आता मी तुमच्याकडून शिकायचं." सरांनी त्याला 'शामराव' म्हटलं ते पहिल्यांदा. पुढे दादा बेतानं का होईना, बोलत राहिला, शेती सांभाळली, नातवंडं खेळवली. शामू तोच विषय घेऊन उत्तम गुणांनी पास झाला आणि आयुष्यभर साताऱ्यात तोच शिकवत राहिला.

मागच्या आठवड्यात मी साताऱ्याला त्याच्या घरी गेलो. मुलं, सुना, नातवंडं सगळी माजघरात बसली होती. शामूची बायको, इंदूवहिनी, त्याची शेवटची सकाळ सांगत होत्या. चहा घेतला, खिडकी उघडायला सांगितली, उशीला टेकले… "आणि मग अगदी…" म्हणून त्या अडखळल्या. शब्द मिळेना. मी तो पुरवायला तोंड उघडलं, तर मंगलनं हलकेच माझ्या हातावर हात ठेवला. मी सगळ्यांकडे पाहिलं. कुणी चुळबुळत नव्हतं, कुणी नजर चुकवत नव्हतं. लहानगी नातसुद्धा आजीकडे शांतपणे बघत होती. दादा बोलायला लागला त्या दिवसांत शामूनं गावच्या घराला लावलेली सवय पुढे इथंही आली होती, असं मंगल नंतर म्हणाली. बोलणाऱ्याचा शब्द त्यालाच शोधू द्यायचा, आपण थांबायचं. या घरात आता कुणाला दुसरं काही करताच येत नाही.

आम्ही थांबलो. खूप वेळानं वहिनींनी मान वर केली.

"समाधानानं," त्या म्हणाल्या. "समाधानानं गेले."