दुसरी सही

गोव्यात लग्न आधी सह्यांनी लागतं, मग अक्षतांनी. पहिली सही म्हणजे आम्ही दोघं लग्न करणार आहोत असं निबंधकासमोर सांगणं. त्यानंतर कचेरीच्या फळ्यावर नोटीस लागते, कोणाची हरकत असेल तर त्याने यावं म्हणून. मुदत सरली की दुसरी सही, आणि कायद्याने लग्न झालं ते तेव्हा. हे इथे सगळ्यांना माहीत असतं. तरीही पहिली सही झाली की लोक 'सही झाली' म्हणतात, पेढे वाटतात आणि मुलीला सून म्हणून मोकळे होतात. या सवयीपायी माझ्या बाबतीत जे घडलं ते लिहून ठेवते आहे. राग अजून गेलेला नाही. तो जायची वाट बघत बसले तर लिहून व्हायचं नाही.

मी साखळीला एका हायस्कुलाच्या ऑफिसात मुख्य लिपिक आहे. पन्नाशी जवळ आली आहे. लग्न केलं नव्हतं. त्यामागे काही गोष्ट नाही, जमलं नाही इतकंच. लोकांना गोष्ट हवी असते, म्हणून माझ्याशी बोलताना त्यांची जरा निराशा होते.

तो आमच्याकडे शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला होता. त्याचं आजोळ साखळीचं, त्यामुळे लहानपणी थोडा काळ आमच्या शाळेत शिकला होता. पुढे वास्कोत वाढला, बंदरात क्रेनच्या दुरुस्तीचं काम शिकला आणि आता बरीच वर्षं मस्कतला तेच काम करतो. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. पहिल्या खेपेस अर्ज दिला, दुसऱ्या खेपेस दाखला नेला. तिसऱ्या खेपेस काही काम नव्हतं आणि त्याने ते तसं सांगितलं. उगाच एखादा कागद शोधून आणला नाही. मला ते आवडलं.

तो मस्कतला परतल्यावर फोन सुरू झाले. शुक्रवार त्याच्या सुटीचा, त्या दिवशी तो बाजारातून मासे आणायचा आणि व्हिडिओवर दाखवायचा. इसवणाचे तुकडे फार जाड करायचा, त्यावरून मी बोलायची. फोन ठेवण्याआधी हमखास विचारायचा, 'आज तुझं काय करायचं राहिलं?' मला कोणी कधी असं विचारलेलं नव्हतं. जे झालं त्याबद्दल लोक विचारतात, राहिलेलं आपलं आपल्यापाशी असतं. मी त्याला सांगायची आणि दुसऱ्या दिवशी ते झालं का हे तो लक्षात ठेवून विचारायचा.

वर्षभराने त्याने तिकडे येऊन राहशील का असं विचारलं. लग्नाच्या दाखल्याशिवाय तिकडचा फॅमिली व्हिसा मिळत नाही, म्हणून सही आधी, बाकीचं नंतर बघू असं ठरलं. हो म्हणण्याआधी मी एकेक गोष्ट क्रमाने विचारात घेतली. स्वेच्छानिवृत्ती घेता येईल का, तर येईल. तिकडे नोकरी करता येईल का, तर त्या व्हिसावर नाही. म्हणजे तो कामाला गेल्यावर दिवसभर मी काय करणार? त्याला काही झालं, किंवा आमचं पटलं नाही, तर व्हिसा त्याच्या नावावर, मग मी कुठे जाणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. हळर्णला आमचं घर आहे. आई-वडील गेल्यावर ते भावाचं आणि माझं. धाकटा भाऊ तिथे बायकोमुलांसह राहतो, मी सणावाराला जाते. साखळीची माझी खोली भाड्याची आहे. तेव्हा परत यायचं झालं तर हळर्ण. इतका विचार करून मी हो म्हटलं, आणि हो म्हटल्यावर मला फार आनंद झाला, हेही लिहायला हवं. मी मस्कतचा नकाशा मोबाइलवर मोठा करून त्याच्या घरापासून समुद्र किती लांब आहे ते बघत बसायची.

तो रजा घेऊन आला. डिचोलीच्या कचेरीत पहिली सही केली. रजा दुसऱ्या सहीपर्यंत पुरेल अशी होती. भावाला मी रविवारी हळर्णला जाऊन समोरासमोर सांगणार होते. पण आमच्या गावचा एक गृहस्थ भाचीच्या सहीला साक्षीदार म्हणून डिचोलीत गेला, वेळ जात नव्हता म्हणून फळा वाचत बसला आणि त्याच संध्याकाळी गावभर झालं.

भावाचा फोन आला. न सांगता केलं म्हणून तो रागावला असता तर मी ऐकून घेतलं असतं. तो माणूस कोण, कसा, करतो काय, हे त्याने विचारायला हवं होतं. पण तो म्हणाला, "ताये, मगीर घराचें कितें?"

बाहेरच्यांसाठी एवढं सांगते. गोव्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. आणि लग्न झालं की नवरा-बायकोचं जे काय असेल ते दोघांचं होतं, वेगळा करार केला नसेल तर. नंतर काही विकायचं किंवा हक्क सोडायचा तर दोघांची सही लागते. भावाने एवढाच हिशेब केला. ताईची सही झाली, म्हणजे तिच्या वाट्यात तो वास्कोचा माणूस आला. मग ताईला विचारून काय होणार, त्यालाच गाठलं पाहिजे. नोटिशीवर पत्ता होताच. रविवारी पिशवीभर नारळ आणि कोकमाची सोलां घेऊन भाऊ वास्कोला गेला. मी मात्र घरी राहिले, कारण हळर्णला येऊ नकोस, मी बाहेर आहे, असा त्याचाच निरोप होता.

मला कळलं सोमवारी, शाळेत, वहिनीच्या फोनवरून. ती खरोखर खूश होती. "ताये, कसलो देवमाणूस मेळ्ळो गो तुका." त्याने भावाला बसवून घेतलं, जेवायला घातलं आणि सांगितलं की मला त्या घरातलं काही नको, म्हणाल तिथे सही करतो. आता वकील हक्क सोडल्याचा कागद तयार करतोय, मी फक्त एक दिवस काढायचा. मग ती समजुतीच्या सुरात म्हणाली की तिनेही लग्नाआधी माहेरी सह्या दिल्या होत्या, तिच्या बहिणींनीही दिल्या, त्यात कोणाचं काय कमी झालं?

मी भावाला फोन लावला. त्याला सांगितलं की अरे, लग्न अजून झालेलंच नाही, दुसरी सही राहिली आहे, तेव्हा त्या माणसाची सही आज कशालाच लागत नाही. आज त्या वाट्याला मी एकटी आहे. मला वाटलं, तो ओशाळेल. पण तो सुटकेचा श्वास सोडून म्हणाला, "मगीर बरें जालें. तुजी एकलेचीच पुरो."

माझ्या सख्ख्या भावाने हे म्हटलं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पण भावाचा राग वेगळा. तो मी जन्मभर करत आले आहे, त्याची सवय आहे. मी अर्धा दिवस रजा टाकली, पणजीला बस बदलली आणि वास्कोला गेले. तो दारातच हसत उभा होता. त्याला वाटलं, मी आभार मानायला आले आहे. त्याच्या मोठ्या भावाचं कुटुंब घरात होतं म्हणून आम्ही बायणाच्या किनाऱ्यावर चालायला गेलो. तो उत्साहाने सांगत होता की माझा भाऊ किती गळून गेला होता, त्याला किती धीर दिला, आणि उद्या कोणी म्हणू नये की याने घरावर डोळा ठेवून लग्न केलं. यात माझाही मान राहतो, असं त्याचं म्हणणं.

मी त्याला विचारलं की यात मला कधी विचारणार होतास?

त्याला प्रश्न खरंच कळला नाही. मग म्हणाला, "तूं मस्कताक येतली न्हय? मागीर तुका तें घर कित्याक?"

तो हे प्रेमाने म्हणाला, आणि मला त्याचीच जास्त चीड आली. त्याच्या मनात मी निघाले होते, पोचले होते, आणि माझ्यामागचं दार लावून घेण्याचं काम त्याने परस्पर उरकून टाकलं होतं. नोकरी मी सोडायची, व्हिसा त्याचा, भाड्याची खोली मी रिकामी करायची आणि घर त्याने दान केलेलं. जे घर त्याचं अजून झालंही नव्हतं.

मी ओरडले नाही. मला रागात नीट बोलता येतं. मी त्याला सांगितलं की दुसऱ्या सहीआधी आपण एक करार करू. त्याचं ते त्याचं, माझं ते माझं. कायद्याने तो लग्नाआधीच करता येतो, नंतर नाही, म्हणून याच आठवड्यात करू. माझ्या वाट्याचं काय करायचं ते मी ठरवीन, त्याच्या वास्कोच्या घराचं त्याने ठरवावं. मग मी येते मस्कतला, आनंदाने येते.

तो बंदराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माज्या भावाक विचारून सांगतां."

मला वाटतं, माझा निर्णय तिथेच झाला. तरी मी बोलले. "तुज्या घराचें सांगपाक तुका भावाक विचारचें पडटा. माज्या घराचें सांगपाक माका विचारचें पडना?"

"तूं उगीच तापता," तो म्हणाला. बसस्टॉपपर्यंत सोडायला आला. वाटेत मला पाण्याची बाटली घेऊन दिली. माणूस वाईट नव्हता, हे मी तेव्हाही म्हणत होते, आताही म्हणते. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. त्याच्या भावाचं म्हणणं की असले करार त्यांच्याकडे कोणी केलेले नाहीत, लोक काय म्हणतील. आणि त्याचं स्वतःचं म्हणणं की माझा तुझ्यावर विश्वास आहे, तुझा माझ्यावर नाही का? हा शब्द मला आता ऐकवत नाही. विश्वास टाकायचा तो नेहमी ज्याच्याकडे गमावण्यासारखं असतं त्यानेच. मी म्हटलं, मी दुसऱ्या सहीला येणार नाही. तो म्हणाला, एवढ्याशा गोष्टीवरून? मी म्हटलं, एवढीशी आहे तर तू कर. त्याने केली नाही. रजा संपली आणि तो गेला.

सहीच्या दिवशी मी शाळेत होते. त्या दिवशी पुस्तकांचे गठ्ठे आले, ते मोजून उतरवून घेतले. दुपारी डबा खाल्ला नाही.

त्यानंतर जे सुरू झालं त्याचा राग सगळ्यात जास्त आहे. शाळेतल्या बायका म्हणाल्या, बरं झालं, वाचलीस. कशातून? मी वाचायला गेले नव्हते, मी जायला निघाले होते. हळर्णला लोक म्हणतात, बाईने घरासाठी लग्न मोडलं, आणि अर्धे लोक ते कौतुकाने म्हणतात. भावालाही तसंच वाटतं आणि तो माझ्याशी एकदम मऊ बोलायला लागला आहे. माझा वाटा मला प्राणापलीकडे प्रिय नव्हता. भावाने समोर बसवून विचारलं असतं तर मी सही कदाचित दिलीही असती, एक खोली हाताशी ठेवून. त्या दुसऱ्याने विचारलं असतं तर त्याच्यासाठीही दिली असती. दोघांनी एकमेकांना विचारलं. आणि मला जायचं होतं. हे कोणाला पटत नाही म्हणून पुन्हा लिहिते. मला जायचं होतं. शुक्रवारी अजून फोन वाजतो. मी उचलत नाही, नंबरही काढून टाकलेला नाही.

मे महिन्यात मी हळर्णला गेले आणि भावाला सांगितलं की घराची रीतसर वाटणी करून घेऊ, मी अर्ज दिला आहे. तो वहिनीकडे बघू लागला. त्याला वाटत होतं की आता विषय संपला.

"आतां तूं खंय वचना न्हय?" तो म्हणाला. "मगीर घाय कित्याक?"

मी सांगितलं की कुठे जात नाही म्हणूनच घाई.

वहिनी आत निघून गेली आणि भांडी जोरजोरात ठेवू लागली. भावाने आठवडाभर अबोला धरला. मोजणीचा माणूस आला तेव्हा मात्र टेपचं एक टोक त्याला धरावं लागलं, दुसरं मी धरलं. माझ्या बाजूला माजघराचा अर्धा भाग आणि विहिरीकडचं दार येतं. ते दार कित्येक वर्षं उघडलेलं नाही, बिजागऱ्या गंजून गेल्या आहेत, आणि त्याला टेकून भावाने नारळ रचून ठेवले आहेत. नारळ हलवायला त्याला महिनाअखेरपर्यंत वेळ दिला आहे. सुताराला मी सांगून आले आहे.