चोरांनी परत आणलेली खाट

लग्नात सगळ्यात महत्त्वाचं काय, असं धरणगावच्या समाधानभाऊ मंडपवाल्यांना विचारा. ते नवरा-नवरी म्हणणार नाहीत, जेवण तर नाहीच नाही. ते म्हणतील, "छत." पाहुणा जेवला, खुर्चीत रेलला, की त्याची मान आपोआप वर जाते, आणि तिथे त्याला काय दिसतं यावर यजमानाची अब्रू असते, असं त्यांचं ठाम मत. त्यांची बायको कुंदाबाई म्हणते, "पाहुणा वर बघतो तो पंखा चालू आहे का ते बघायला." पण भाऊंनी मत बदलल्याचं अजून कोणी पाहिलेलं नाही.

त्यांच्या वडिलांच्या वेळी मांडव म्हणजे बल्ल्या, पांढरं कापड आणि चार ट्यूबलाइट. भाऊंनी धंदा हातात घेतला आणि छताला झालरी आल्या, झुंबरं आली. एका मुंजीत त्यांनी कापसाचे ढग टांगले होते. वारा सुटला आणि दोन ढग थेट मठ्ठ्याच्या पिंपात उतरले. तालुक्यात ही गोष्ट अजून सांगतात, आणि सगळ्यात रंगवून खुद्द भाऊच सांगतात.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. दिपमाला जळगावला शिकायला गेली ती दोंडाईच्याच्या अमनला पसंत करून आली. अमनचं घर मारवाडी, बाजारपेठेत तीन पिढ्यांचं धान्याचं दुकान. दोन्हीकडे थोडी कुरकुर झाली, मग दिपमालाच्या हातचं शेवभाजीचं जेवण झालं आणि कुरकुर विरघळली. राहिली फक्त अमनची आजी, चंदनबाई. त्या घरात शेवटचा शब्द तिचा. जन्म राजस्थानातला, पण उभा जन्म दोंडाईच्यात गेल्यामुळे बोली पक्की खान्देशी.

तिने दिपमालाला जवळ बसवलं, हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, "पोर चांगली शे. पन आमना घरमा सुना घडीघडी माहेरले जात नहीत. वरीसमा एक डाव."

सगळ्यांनी माना हलवल्या. भाऊंनीही हलवली. परतीच्या गाडीत त्यांनी शेंगा घेतल्या आणि पुडी धरणगावपर्यंत तशीच हातात धरून बसले. एकच रेल्वेलाइन, सकाळी बसलं तर जेवायला घरी, आणि पोर यायची ती वर्षातून एकदा! पण वरपक्षाशी वाद घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांना बोलून पटवता येत नसे, छत मात्र बांधता येई.

अमनने एकदा सहज सांगितलं होतं, की आजी लहानपणी गच्चीवर झोपायची, आणि आता दोंडाईच्याच्या दिव्यांमुळे तारे दिसत नाहीत म्हणून रोज संध्याकाळी दिव्यांना शिव्या घालते. भाऊंना एवढं पुरे होतं. मुलीच्या मांडवात काळं छत घालायचं, त्यात बारीक एलईडीचे तारे लावायचे आणि म्हातारीला तिचं आकाश परत द्यायचं. तिचं मन पाघळलं तर तेवढ्यानेच पाघळेल.

पण कोणाचं आकाश लावायचं? तिथे गाडं अडलं. भाऊंच्या घरी मृगातल्या तीन ताऱ्यांना तिफण म्हणत, कारण ते पेरणीच्या तिफणीसारखे एका रांगेत दिसतात. अमनची आजी मृगाला हिरणी म्हणे आणि कृत्तिकांना किरती. सप्तर्षींचं तर आणखीच अवघड. भाऊंची आई सांगायची, की चार तारे म्हणजे म्हातारीची खाट आणि मागचे तीन चोर, रोज रात्री ती खाट ढकलत मावळतीकडे नेतात. आता वरपक्षासमोर चोरांची गोष्ट कशी काढायची? अमनने फोनवर वाचून दाखवलं, "ग्रीकांना यात अस्वल दिसतं, इंग्रजांना नांगर, चिन्यांना राजाचा रथ. अरबांना म्हणे तिरडी दिसते आणि मागे चालणाऱ्या मुली."

"तिरडी?" कुंदाबाई किंचाळली. "माझ्या पोरीच्या मांडवात?"

शेवटी ठरलं, की कोणी विचारलंच तर सप्तर्षी म्हणायचं. ऋषींवर कोणाचा आक्षेप नसतो.

भाऊंनी गोदामात काळं कापड पसरलं. आकाशाच्या चित्रावरून खडूने एकेक तारा मांडला, प्रत्येक खुणेवर भोक पाडलं, भोकातून बारीक दिवा पलीकडे ढकलला आणि वायरी अलीकडे बांधल्या. मांडवात छत चढवताना उत्तर दिशा बरोबर उत्तरेला ठेवली. इतकं मन लावून त्यांनी स्वतःच्या लग्नाचं काम केलं नव्हतं, हे कुंदाबाईचं म्हणणं.

लग्नाच्या संध्याकाळी दिवेलागणीला चंदनबाईची चाकाची खुर्ची मांडवाच्या मधोमध आणली. भाऊंनी बाकीचे दिवे घालवले आणि तारे लावले. सगळा मांडव "अहाहा" करून उठला. भाऊ मात्र एकाच चेहऱ्याकडे पाहत होते. म्हातारीची मान हळूहळू फिरत होती.

"किरती," ती पुटपुटली. "हिरणी." मग तिचं बोट सप्तर्षींवर थांबलं आणि कपाळाला आठी पडली. "समाधानभाऊ, आठे या. हाई खाट उलटी शे."

भाऊंनी वर पाहिलं आणि चूक त्यांच्या लक्षात आली. खुणा केल्या होत्या वायरींच्या बाजूने, आणि दिवे दिसत होते दुसऱ्या बाजूने. सगळं आकाश आरशात पाहिल्यासारखं फिरलं होतं. ही म्हातारीसुद्धा सप्तर्षींना खाटच म्हणते, याचा आनंद व्हायलाही सवड मिळाली नाही. एवढा एक डाव होता, तोच त्यांनी स्वतःच्या हाताने घालवला होता.

"चूक झाली अक्का," ते म्हणाले आणि शिडीकडे धावले. "आत्ता उतरवतो."

"थांबा हो! आमनाकडे खाटना मांगे तीन चोर शेतस. ते खाट कोठे लई जातस?"

"मावळतीकडे."

"आनि तुमना आभाळमा?"

भाऊ शिडीच्या दुसऱ्या पायरीवर थबकले. "उगवतीकडे."

चंदनबाई हसू लागली. आधी खांदे हलले, मग खुर्ची हलली. "ल्हानपने मी आजीले इचारं, चोर खाट परत कधी आनतीन? आजी बोलनी, येडी, चोर कोठे परत आनतस का! आज देखी लिधं." तिने पदराने डोळे पुसले. मग पश्चिमेकडे हात केला, "दोंडाईचा तठे," आणि बोट खाली जमिनीकडे रोखलं, "धरणगाव आठे. तुमनी पोर लई जानारा चोर आम्हीच ना? मंग आमले बी ती परत आननी पडी. घडीघडी."

मांडवात हशा पिकला. भाऊ शिडीवरच तोंड फिरवून उभे राहिले, कारण ते रडत होते आणि छतवाल्याने लग्नात रडायचं नसतं. म्हातारीने एकच अट घातली, की छताला हात लावायचा नाही आणि लग्नानंतर तो खाटेचा तुकडा तिच्या खोलीत हवा. तो आता तिच्या पलंगावर टांगलेला आहे. ती रोज संध्याकाळी बटण दाबते, आणि दिपमालाला माहेरी जाऊन बरेच दिवस झाले असं वाटलं, की अमनला म्हणते, "खाट पोचाडी ये."

ताऱ्यांचं छत आता आसपासच्या तालुक्यांतही चालतं. परवा एरंडोलच्या एका लग्नात विज्ञानाचे एक सर भाऊंना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अहो, सगळं ठीक आहे, पण सप्तर्षी उलटे लागलेत."

खाली दिपमाला शिडी धरून उभी होती, या महिन्यात दुसऱ्यांदा आलेली. ती खुदकन हसली.

"माहीत आहे सर," भाऊ म्हणाले. "मांडव मुलीकडचा आहे ना."